कुळागरात सोलर, पंप आणि जुना जनरेटर: व्होल्टेज कोणी सांभाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तरीत, वाळपईपासून आत, हजारेक पोफळींचं कुळागर, मधे केळी आणि मिरी. विहिरीवर ५ एचपीचा थ्री-फेज ओपनवेल सबमर्सिबल पंप. लाईट गेली की १५ केव्हीएचा जुना डिझेल जनरेटर लावतात. त्याचं व्होल्टेज कधी १९० तर कधी २७० दिसतं, पंप सुरू करताना घरातले दिवे मिणमिणतात, स्टार्टरची कॉइल जळते, एकदा फ्रीजही गेला. आता सोलरवाल्याने सुचवलंय की घराच्या छपरावर ५ किलोवॅटचा ग्रिड-टाय, म्हणजे वीज खात्याच्या लाईनला (ग्रिडला) जोडून चालणारा, इन्व्हर्टर बसवा. लाईट असताना जादा वीज वीज खात्याला जाईल, लाईट नसताना तोच इन्व्हर्टर जनरेटरबरोबर चालेल आणि डिझेल निम्म्यावर येईल. हे खरं आहे का, आणि नसेल तर करायचं काय?

सोलरवाल्याचं पहिलं अर्धं बरोबर आहे. दुसरं अर्धं कागदावर खरं आणि तुमच्या जनरेटरवर खोटं आहे. सोलर जरूर लावा, पण जनरेटरच्या तारेला जोडू नका. आणि जनरेटरची जी दुखणी तुम्ही सांगितलीत ती सोलरने जाणार नाहीत, ती आधी वेगळी निस्तरावी लागतील.

हे सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं. कुठल्याही वायरिंगमध्ये एका वेळी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारा मालक एकच हवा. बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं. लाईट असते तेव्हा मालक ग्रिड. जनरेटर चालू असतो तेव्हा मालक जनरेटर, म्हणजे त्याचा एव्हीआर (व्होल्टेज आपोआप राखणारं कार्ड) आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग). ग्रिड-टाय इन्व्हर्टर जन्मतःच मागून चालणारा आहे. त्याला समोर व्होल्टेज दिसलं तरच तो करंट सोडतो, स्वतःहून २३० व्होल्ट उभे करत नाही. गोव्यातल्या बागायतीत जळलेली जी यंत्रं माझ्याकडे येतात, त्यात बहुतेक वेळा एकतर दोन मालक भांडत होते, नाहीतर मालक आजारी होता. तुमच्याकडे सध्या दुसरा प्रकार आहे.

म्हणून आधी जनरेटर.

अल्टरनेटर म्हणजे जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग. त्याच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, जितका डीसी करंट, तितकं चुंबकत्व, आणि त्या प्रमाणात स्टेटरवर, म्हणजे स्थिर भागावर, व्होल्टेज. लोड वाढला की व्होल्टेज खाली यायला लागतं. एव्हीआर ते बघतो आणि फील्डचा, म्हणजे चुंबकत्व देणारा, करंट वाढवतो. ब्रशलेस मशीनमध्ये तो करंट थेट मुख्य रोटरला जात नाही. एव्हीआर छोट्या एक्सायटरला, म्हणजे शाफ्टवरच्या मदतनीस जनरेटरला, करंट देतो, एक्सायटरची वीज शाफ्टवरच फिरणाऱ्या सहा डायोडमधून डीसी होते आणि ती मुख्य रोटरला मिळते. फ्रिक्वेन्सी एव्हीआर ठरवत नाही. ती इंजिनाच्या वेगावर असते, चार पोलच्या मशीनला १५०० फेरे म्हणजे ५० हर्ट्झ, आणि तो वेग गव्हर्नर राखतो. हे दोन भाग वेगळे आहेत हे मिस्त्रीच्या डोक्यात पक्कं नसेल तर तो इंजिनाचं दुखणं एव्हीआरचा स्क्रू पिळून बरं करायला जातो.

तुमचे १९० आणि २७० हे आकडे एकाच वेळी दोन वेगळ्या फेजवर दिसतात, की एकाच फेजवर आलटून पालटून? तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि नेमकी तीच लिहिलेली नाही. जनरेटर चालू करून, घरचा लोड घालून, मीटरने आधी फेज ते फेज मोजा. तिन्ही जोड्यांत ४१५ च्या आसपास स्थिर आहे आणि फेज ते न्यूट्रल मात्र एकीकडे १९०, दुसरीकडे २७०, असं असेल तर जनरेटर निर्दोष आहे. न्यूट्रल सैल आहे किंवा तुटलाय. टर्मिनल बॉक्समधला नट, चेंजओव्हर स्विचचा (ग्रिड की जनरेटर ते बदलणाऱ्या स्विचचा) न्यूट्रलचा पोल, तिथून घरापर्यंतचा सांधा, सगळं तपासा. पावसाळ्यानंतर अॅल्युमिनियमच्या लगवर पांढरी भुकटी चढते, त्यातच हे बहुतेक वेळा सापडतं. फ्रीज गेला तो असाच गेला असावा, कारण न्यूट्रल सुटला की कमी लोडच्या फेजवरचं व्होल्टेज वर पळतं.

तिन्ही फेज एकत्र वरखाली होत असतील तर फ्रिक्वेन्सी बघा. तीही डुलत असेल, तर दोष इंजिनाचा: डिझेल फिल्टर तुंबलाय, नळीत हवा शिरलीय, गव्हर्नरची स्प्रिंग सैल आहे. फ्रिक्वेन्सी ठाम आणि व्होल्टेज डुलतंय, तर मग एव्हीआर. त्याच्यावर बहुधा स्थिरतेचा एक स्क्रू असतो, तो एव्हीआर किती घाईने प्रतिक्रिया देतो ते ठरवतो; फार घाई केली की व्होल्टेज हेलकावे खातं. सेन्सिंगची तार, म्हणजे एव्हीआरला व्होल्टेज दाखवणारी, सैल असली तरी हेच दिसतं. आणि बिनलोडवर ठीक, लोड टाकला की व्होल्टेज बसतं आणि पुन्हा उठतच नाही, असं असेल तर फिरत्या डायोडपैकी एखादा गेलाय का ते बघायला सांगा. डायोड स्वस्त असतो. पण तो न बघता नवा एव्हीआर बसवला की काही दिवसांत तोही जातो, कारण एक्सायटरला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट द्यायला तो झगडत असतो.

एक खास गोवेकरी गोंधळ इथेच सांगून टाकतो. बहुतेक एव्हीआरमध्ये एक संरक्षण असतं: इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेखाली गेला, साधारण ४७-४८ हर्ट्झच्या खाली, की ते मुद्दाम व्होल्टेज कमी करतं, रोटर जळू नये म्हणून. आता डिझेल वाचवायला कोणीतरी इंजिनाचा वेग कमी करून ठेवतो. व्होल्टेज १९० दिसतं. मिस्त्री येतो आणि व्होल्टेजचा स्क्रू फिरवत नेतो, तरी फारसं वर येत नाही, मग अजून फिरवतो. पुढच्या वेळी कोणीतरी वेग बरोबर १५०० वर आणतो, संरक्षण बाजूला होतं आणि स्क्रू जिथे नेऊन ठेवलाय तितकं, म्हणजे २७०, थेट घरात. म्हणून नियम साधा: आधी लोडशिवाय वेग लावा, फ्रिक्वेन्सी ५१-५२ वर आणा म्हणजे पूर्ण लोडवर ती ५० ला बसेल, आणि मगच व्होल्टेजला हात लावा.

चार महिने पडून राहिलेल्या मशीनबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाणी द्यायचं नसतं, जनरेटर शेडमध्ये ओल खात बसतो. ऑक्टोबरात सुरू करण्याआधी मेगरने (इन्शुलेशन मोजायच्या मीटरने) इन्शुलेशन बघा. एव्हीआर आणि डायोड सोडवल्याशिवाय मेगर लावू नका, ५०० व्होल्टनी दोन्ही मरतील. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर वायंडिंगला आधी बल्ब लावून किंवा गरम हवेने सुकवा. फार दिवस बंद राहिल्याने मशीनमधलं उरलेलं चुंबकत्व जातं आणि इंजिन फिरूनही व्होल्टेज येत नाही. तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीने फील्डला क्षणभर करंट देऊन ते परत आणतात, पण ते जाणकाराकडूनच करून घ्या, तारा उलट लागल्या तर एव्हीआर जातो. महिन्यातून दोनदा, अगदी पावसातसुद्धा, थोडा लोड घालून जनरेटर चालवला तर यातलं काहीच होत नाही. एव्हीआरच्या कार्डावर पाल चिकटून मेलेली दिसणं हेही आपल्याकडे नवं नाही; पेटीची भोकं बारीक जाळीने बंद करा.

आता पंपाची सुरुवात आणि जळणारी कॉइल.

५ एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. थेट स्टार्टरने सुरू केली की पहिल्या क्षणी ती सहा पट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास ओढते. १५ केव्हीएच्या जनरेटरचा पूर्ण लोडचा करंट आहे २१ अँपिअर. म्हणजे तुम्ही त्याला क्षणभर दुपटीहून जास्त मागता. अशा वेळी चांगल्या मशीनचंही व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्याने बसतं. एव्हीआर ते अर्ध्याएक सेकंदात उचलतो, पण जुन्या इंजिनाचा वेगही त्याच धक्क्याने पडतो, वेग पडला की मघाचं संरक्षण जागं होतं आणि व्होल्टेज आणखी खाली नेतं. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या जोरावर मोटारीची वीज जोडणारा स्विच, इतक्या कमी व्होल्टेजवर धरून राहत नाही. तो सुटतो. मोटार सुटली की व्होल्टेज परत वर, काही स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो, पुन्हा व्होल्टेज बसतं. तो जो कडकडाट तुम्हाला ऐकू येतो तो हाच. प्रत्येक वेळी ओढून घेताना कॉइल धरून ठेवण्याच्या करंटच्या कितीतरी पट करंट घेते, म्हणून ती जळते. कॉइल बदलून हे थांबणार नाही.

स्टार-डेल्टा स्टार्टर सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर आणतो, पण त्याला मोटारीतून सहा तारा बाहेर आलेल्या हव्यात. सबमर्सिबलला बऱ्याचदा तीनच असतात. मग उरतो सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी. व्हीएफडी मोटारीला कमी फ्रिक्वेन्सीवरून हळूहळू वर नेतो, त्यामुळे जनरेटरला धक्का बसतच नाही. हे नाव लक्षात ठेवा, कारण सोलरचा मार्गही याच पेटीतून जातो.

त्याआधी एक पाहून घ्या: पंपाच्या पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर बसवलाय का? ग्रिडवर तो उपकारक असतो. जनरेटरवर, मोटार बंद आणि कपॅसिटर चालू अशी स्थिती आली, तर कपॅसिटरचा करंट अल्टरनेटरला स्वतःच चुंबकत्व पुरवतो. एव्हीआर फील्ड शून्यावर आणतो, तरी व्होल्टेज चढतच राहतं, कारण शून्याच्या खाली न्यायची सोय त्याच्याकडे नसते. कपॅसिटर मोटारीच्या कॉन्टॅक्टरनंतर जोडलेला हवा, म्हणजे मोटारीबरोबर येईल आणि मोटारीबरोबर जाईल. व्हीएफडी बसवलात तर तो काढूनच टाका.

आता सोलरवाल्याचा प्रस्ताव. दुपारचे १२ वाजलेत, लाईट नाही, जनरेटर चालू, पंप बंद, घरात ६०० वॅटचा लोड. छपरावर ४ किलोवॅट तयार होतायत. इन्व्हर्टरला समोर व्होल्टेज दिसतं, तो सगळं सोडतो. घर ६०० वॅट घेतं, उरलेले ३४०० वॅट जायला जागा एकच: उलट जनरेटरमध्ये. अल्टरनेटर मोटारीसारखा वागून इंजिनालाच ढकलतो, गव्हर्नर डिझेल बंद करतो आणि वेग तरीही वाढतो. कोणाच्याही ताब्यात काही राहत नाही. ग्रिडवर हेच ३४०० वॅट शेजाऱ्याच्या मिक्सरमध्ये गेले असते. जनरेटरला शेजारी नसतो.

व्यवहारात ही वेळ येण्याआधीच इन्व्हर्टर बंद पडेल. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या जोडणीच्या नियमांप्रमाणे व्होल्टेज ११० टक्क्यांवर किंवा ८० टक्क्यांखाली गेलं, किंवा फ्रिक्वेन्सी ५०.५ हर्ट्झवर गेली, की इन्व्हर्टरने सुटायचं असतं. तुमचा जनरेटर बिनलोडवर ५१-५२ हर्ट्झवरच चालतो. म्हणजे इन्व्हर्टर जोडला जाणारच नाही. मग कोणीतरी तंत्रज्ञ येऊन सेटिंग सैल करून देतो आणि सांगतो, ‘आता चालतंय’. खरा धोका तिथून सुरू होतो.

पंप चालू असतानासुद्धा मजा बघा. पंप ४.५ किलोवॅट आणि साधारण ३.४ केव्हीएआर (मोटारीच्या चुंबकत्वाला लागणारी, काम न करणारी वीज) घेतो. इन्व्हर्टर नुसते किलोवॅट देतो, ४ किलोवॅट. जनरेटरच्या वाट्याला राहिले अर्धा किलोवॅट आणि सगळेच्या सगळे ३.४ केव्हीएआर. एव्हीआरचं काम तितकंच राहिलं, इंजिन मात्र जवळजवळ रिकामं फिरतंय. १२ किलोवॅटचं डिझेल इंजिन ३० टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवलं की सिलिंडर तापत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरच्या सांध्यातून काळं चिकट तेल गळायला लागतं. डिझेलही निम्म्यावर येत नाही, कारण रिकामं फिरणारं इंजिनसुद्धा आपला वाटा पितच राहतं.

सोलर आणि डिझेल एकत्र चालवायची रीतसर पद्धत आहे. मोठ्या हॉटेलांत, कारखान्यांत कंट्रोलर बसवतात, तो जनरेटरवर किमान लोड राखून सोलर मागे ओढतो. १५ केव्हीएवर तो खर्च परवडत नाही, आणि मुळात तुम्हाला त्याची गरज नाही, कारण तुमचा दिवसाचा मोठा लोड पाणी आहे आणि पाणी साठवता येतं.

मी तुमच्या जागी असतो तर एचपी विसरून आधी पाणी मोजलं असतं. पोफळीला पाटाने किंवा आळ्यात पाणी देताना झाडामागे एका वेळी साधारण १७५ लिटर धरतात, मार्च ते मे दर तीन ते पाच दिवसांनी. ठिबकवर तेच १६ ते २० लिटर रोज झाडामागे भागतं. म्हणजे हजार झाडांना ठिबकने दिवसाला २० हजार लिटर, पाटाने सरासरी ४०-४५ हजार. मे महिन्यात विहिरीतली पातळी आणि कुळागराच्या वरच्या टोकाची टाकी यांतला फरक, पाइपातलं घर्षण धरून, ३० मीटर मानू. २० हजार लिटर ३० मीटर उचलायला निव्वळ ऊर्जा लागते १.६ युनिट. पंप, मोटार, ड्राइव्ह (म्हणजे मघाचा व्हीएफडी) सगळं मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तरी ४ युनिट. फक्त ४! गोव्यात उन्हाळ्यात एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साडेचार-पाच युनिट सहज देतं. २ एचपीचा सोलर पंप आणि १.८ किलोवॅटची पॅनेलं तुमचं ठिबकाचं काम आरामात करतील. पाटानेच द्यायचं असेल तर ३ एचपी. ५ एचपी तुम्हाला तेव्हा लागत होता, जेव्हा रात्री-अपरात्री तासभर येणाऱ्या लाईटमध्ये सगळं उरकायचं होतं. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची, भातशेती असती तर हिशेब वेगळा झाला असता, भाताला पाणी फारच लागतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही म्हणून धरत नाही.

वरच्या टोकाला जांभ्याची किंवा सिमेंटची टाकी बांधा, निदान एका दिवसाच्या पाण्याची. बॅटरीवर घालणार असाल ते पैसे या टाकीत घाला.

‘पण माझा ५ एचपीचा पंप चांगला आहे, तोच सोलरवर चालवू’ असं तुम्ही म्हणणार. चालवता येतो, पण इथे सगळ्यांत जास्त फसवणूक होते, म्हणून आकडे लिहितो. ५ एचपीला साधारण ४.८ किलोवॅटची पॅनेलं देतात. हल्लीची ५४० वॅटची घेतली तर ती झाली नऊ. एकेकाचं कामाचं व्होल्टेज ४१.५, नऊची रांग म्हणजे ३७३ व्होल्ट डीसी. हा आकडा २५ अंश तापमानाचा. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पॅनेलची सेल ६५ अंशांपर्यंत जाते आणि व्होल्टेज साधारण १४ टक्क्यांनी उतरतं: राहिले ३२१. त्यातून ड्राइव्ह जास्तीत जास्त २२७ व्होल्ट एसी काढू शकतो. तुमची मोटार आहे ४१५ ची. मोटारीला व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एकाच प्रमाणात द्यावी लागते, ४१५ ला ५०, तर २२७ ला २७ हर्ट्झ. आणि पंपाचं पाणी चढवण्याचं बळ वेगाच्या वर्गाने कमी होतं. ५० हर्ट्झवर जास्तीत जास्त ४५ मीटर चढवणारा पंप २७ हर्ट्झवर १३ मीटर चढवेल. तुमची टाकी ३० मीटरवर आहे. मोटार गुणगुणत फिरत राहील, डिस्प्लेवर सगळं हिरवं दिसेल आणि पाइपातून थेंब येणार नाही. अशा तक्रारीत ‘ऊन कमी आहे’ असं सांगून वेळ मारून नेणारे मी बघितलेत.

म्हणून सोलर पंपाची मोटार बहुधा कमी व्होल्टेजसाठी गुंडाळलेली असते. जुनी ४१५ ची मोटारच चालवायची तर रांगेत सोळाएक पॅनेलं हवीत, म्हणजे उन्हात ५७० च्या आसपास डीसी आणि ४०० एसी मिळतं. मग ती छोट्या वॅटची शोधा, नाहीतर व्होल्टेज चढवणारा ड्राइव्ह घ्या. सहा तारा बाहेर असलेली आणि स्टारमध्ये जोडलेली मोटार असेल, जशा ३ एचपीपर्यंतच्या बऱ्याच असतात, तर डेल्टात जोडून ती २४० ची होते. पण ५ एचपीची बहुधा आधीच डेल्टात असते. पाटीवर लिहिलेलं असतं, वाचा.

तर माझा सल्ला: सोलर पंपाचा ड्राइव्ह असा घ्या ज्याला डीसी आणि एसी दोन्ही इनपुट आहेत. ऊन असेल तेव्हा पॅनेलवरून, नसेल तेव्हा ग्रिड किंवा जनरेटरवरून. मोटारीचा मालक कायम ड्राइव्हच. सोलर आणि जनरेटर एकमेकांना समोरासमोर भेटतच नाहीत, त्यामुळे व्होल्टेजचं भांडण उरत नाही, आणि जनरेटरवर सुरू करतानाचा धक्काही जातो. फक्त एसी इनपुट किती व्होल्टचा, सिंगल फेज की थ्री-फेज, आणि त्यावर मोटारीला किती व्होल्ट मिळतील हे आधी विचारा. सिंगल फेज २३० आत दिले तर बाहेर थ्री-फेज २३० च्या वर येत नाही.

पॅनेलं कुठे? कुळागरात नाही, हे उघड आहे. माड-पोफळीची सावली चालत्या दिवसाबरोबर फिरते, आणि रांगेतल्या एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी सगळ्या रांगेला भोवते. शिवाय वरून नारळ. कुळागर बहुधा दोन डोंगरांच्या घळीत असतं, तिथे ऊनच उशिरा पोचतं आणि लवकर जातं. वरच्या उतारावर, काजूच्या बाजूला, मोकळी जागा बघा. दक्षिणेकडे तोंड, १५ अंशांचा कल. अंतराची भीती बाळगू नका: ६ चौरस मिलिमीटरची सोलर केबल १२० मीटर नेली आणि करंट १३ अँपिअर असला तर जाऊन-येऊन दहा-अकरा व्होल्ट पडतात. तीनशेच्या वरच्या रांगेत ते चालून जातं. छोट्या पंपाची रांग मात्र दीडशे व्होल्टच्या आसपासची असते, तिथे तेवढेच व्होल्ट जड जातात. केबल १० चौरस मिलिमीटरची घ्या. डीसी बाजूला साधा एसी एमसीबी लावू देऊ नका, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. कुंपण घाला, सत्तरीत गवे स्टॅण्डला अंग घासतात.

अर्थिंगवर आपल्याकडे कोणी पैसे खर्चत नाही. जांभा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो आणि मे महिन्यात विजा पडतात त्या नेमक्या तेव्हा. अर्थचा पाइप डोंगरावर न ठोकता, तांब्याची किंवा जीआयची पट्टी खाली आणून पाटाजवळच्या ओल्या मातीत ठोका. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण, लावा. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला असलाच पाहिजे, नाहीतर शॉक लागल्यावर आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडणार नाही. चेंजओव्हर चार पोलचा, यांत्रिक इंटरलॉकचा. जनरेटरची वीज चुकून लाईनवर गेली तर खांबावर चढलेला लाईनमन मरतो.

घराच्या छपरावर ग्रिड-टाय सोलर लावायचं तर स्वतंत्रपणे लावा, नेट मीटरिंगवर (खात्याला दिलेली वीज बिलातून वजा होते ती पद्धत), आणि चेंजओव्हरच्या ग्रिडच्या बाजूला जोडा, म्हणजे त्याला जनरेटर कधी दिसणारच नाही. पण आधी दुपारी १२ ते २ मीटरजवळ व्होल्टेज आठवडाभर लिहून ठेवा. तुमचं घर लांब लाईनच्या टोकाला आहे. ट्रान्सफॉर्मरपासून ५०० मीटर, ३० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार, जाऊन-येऊन साधारण ०.९ ओहम. सिंगल फेजवर ५ किलोवॅट म्हणजे २२ अँपिअर बाहेर ढकलायचे तर तुमच्या घराजवळचं व्होल्टेज २० ने चढतं. आधीच २३५ असेल तर २५५ होणार, आणि इन्व्हर्टर २५३ ला सुटतो. नेमक्या भर उन्हात वीजनिर्मिती बंद. उपाय: थ्री-फेज इन्व्हर्टर घ्या, म्हणजे ही चढ साधारण एक षष्ठांशावर येते, आणि वीज खात्याकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे बाहेर येणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी, बदलण्याचा अर्ज करा. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येत असेल तर टॅप खाली आणायला ते तयार होणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. सर्वो स्टॅबिलायझर फ्रीजसाठी ठेवा, इन्व्हर्टरच्या वाटेत नको. लाईट गेल्यावर घरात दिवे-पंखे हवेत तर छोटी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर. तो स्वतः मालक होऊ शकतो.

अनुदानाचं: केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली. तिच्या ‘ब’ घटकात ७.५ एचपीपर्यंतच्या स्वतंत्र सोलर पंपाला सर्वसाधारणपणे केंद्राचे ३० आणि राज्याचे निदान ३० टक्के, बाकी शेतकऱ्याचे. हा घटक ग्रिड नसलेल्या जागेसाठी, डिझेल पंप बदलण्यासाठी आहे. ज्यांच्याकडे वीजजोडणी आहे त्यांच्यासाठी ‘क’ घटक वेगळा. तुमच्या विहिरीवर जोडणी आहे, त्यामुळे कशात बसता ते गोवा ऊर्जा विकास संस्थेत, म्हणजे गेडामध्ये, आणि विभागीय कृषी कार्यालयात अर्ज भरण्याआधी विचारून घ्या. ऑर्डर दिल्यावर अनुदान मागायला गेलात तर बहुधा उपयोग होत नाही.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: या आठवड्यात न्यूट्रल, गव्हर्नर, एव्हीआर, याच ओळीने. मग ठिबक आणि टाकी. मग दोन इनपुटचा ड्राइव्ह, छोटा पंप आणि पॅनेलं, पावसाआधी किंवा थेट ऑक्टोबरात. छपरावरचं सोलर सगळ्यांत शेवटी. ५ एचपीचा जुना पंप विकू नका, तो एसीवर राखीव राहू दे.

मला चार गोष्टी कळवा: जनरेटरवर तिन्ही जोड्यांचं फेज ते फेज आणि तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज, लोडशिवाय आणि पंपासह, दोन्ही वेळची फ्रिक्वेन्सी, मोटारीच्या पाटीवरचं सगळं, आणि मे महिन्यातल्या विहिरीच्या पातळीपासून टाकीच्या जागेपर्यंतची उंची. त्यावरून पॅनेलं किती, रांगेत किती, आणि ड्राइव्ह कुठल्या व्होल्टेजचा, ते सांगतो.